भक्ती आणि सेवा: पॅरिशमधला गुरुवारचा तास कुणाला द्यायचा?

सांजघंटा
मंडळी, नमस्कार. आमच्या कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या भाविक समुदायाच्या, कौन्सिलच्या गेल्या बैठकीत एक विषय निघाला, तो बैठकीत काही मिटला नाही आणि आता घरोघरी त्याचीच चर्चा आहे.

आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी पवित्र साक्रामेंताची, म्हणजे मिस्सेत (आमच्या मुख्य उपासनेत) पवित्र केलेल्या भाकरीतल्या ख्रिस्ताची, आराधना असते. शिवाय आठवड्याची नोव्हेना (ठरावीक प्रार्थनांची मालिका), रोजची रोझरी (जपमाळेची प्रार्थना). या सगळ्याला माणसं बऱ्यापैकी येतात. पण आजाऱ्यांना भेटणारा, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाणारा जो गट आहे, त्यात मोजकी माणसं उरली आहेत आणि तीही थकली आहेत. एका सदस्याने मांडलं की आराधना महिन्यातून एकदाच ठेवू, उरलेल्या गुरुवारी तोच तास घरभेटींना देऊ. लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, गुडघे टेकून कुणाचं पोट भरत नाही. दुसरा म्हणतो, गुडघेच टेकले नाहीत तर सेवेला बळ कुठून येणार?

माझं मत सांगते. आराधनेचा तास कापणं मला पटत नाही. पण आराधना संपली की आपण चपला घालून सरळ घरी जातो, हेही पटत नाही. चर्चपासून हाकेच्या अंतरावर कुणीतरी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेलं असतं आणि आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं. यात काहीतरी तुटलेलं आहे. ते कुठे तुटलं आणि तुमच्या पॅरिशमध्ये कसं जोडलं, हे ऐकायचं आहे. फक्त तत्त्वचर्चा नको, प्रत्यक्षात काय केलं तेही लिहा.

पायवाट
महत्त्वाचा विषय. वाचतोय.

जुनापान
सांजघंटाताई, हा वाद तुमच्या कौन्सिलचा नाही, पहिल्या शतकातला आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. यरुशलेममधल्या ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होत होती, म्हणून कुरबुर सुरू झाली. तेव्हा प्रेषितांनी काय केलं? प्रार्थना कमी केली नाही आणि वाटपही बंद केलं नाही. लोकांनी सात जण निवडले, प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. त्या सातांसाठी लावलेली अट बघा: ते पवित्र आत्म्याने आणि शहाणपणाने परिपूर्ण असावेत. वाटपाच्या कामाला!

म्हणजे तास इकडून काढून तिकडे द्यायचा मार्ग त्यांना सुचलाच नाही. त्यांनी माणसं वाढवली.

दुसरा दाखला संत जस्टिनचा. इ. स. १५५ च्या सुमारास त्याने रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली, त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (चर्चचे सेवक) तो वाटा घेऊन जात. ज्यांची ऐपत आहे ते स्वेच्छेने देत, ते धन अध्यक्षाकडे जमा होई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके अशा सगळ्यांना मदत होई. हे सगळं एकाच परिच्छेदात, एकाच श्वासात येतं. उपासना कुठे संपली आणि सेवा कुठे सुरू झाली हे त्यात शोधूनही सापडत नाही.

रोखठोक
जुनापान, दाखले उत्तम आहेत, पण ते माझ्याच बाजूचे आहेत. प्रश्न हा आहे की आज, या घडीला, माणसं तेवढीच आहेत. वाढवू म्हणून वाढत नाहीत. मग असलेल्यांचा वेळ कुठे जावा?

याकोबाचं पत्र, दुसरा अध्याय. उघड्या आणि उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणायचं आणि हातात काहीच द्यायचं नाही, तर काय उपयोग? मत्तय २५ मध्ये शेवटच्या न्यायाच्या वेळी जे विचारलं जातं तेही वाचा. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. नोव्हेनांबद्दल तिथे एकही प्रश्न नाही.

आणि संत योहान ख्रिसोस्तोम. चौथ्या शतकात अंत्युखियात मत्तयावर प्रवचनं देताना त्याने चर्चला सोन्याची पात्रं देणाऱ्यांना खडसावलं होतं. वेदीवर ख्रिस्ताला रेशमाने सजवायचं आणि दाराबाहेर तोच थंडीत कुडकुडतोय तर त्याच्याकडे पाठ फिरवायची, हे कसं चालेल?

मेणबत्ती
रोखठोकदादा, ख्रिसोस्तोमचं प्रवचन अर्ध्यावर सोडलंत. तो पुढे स्पष्ट करतो की अशी दानं देऊ नका असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या जोडीने आणि त्यांच्या आधी गरिबांना द्या. जोडीने आणि आधी, हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. ‘त्याऐवजी’ असं तो म्हणत नाही.

आणि सेवेत आयुष्य घातलेल्यांनी स्वतः काय केलं ते बघू या. मदर तेरेसांच्या संस्थेत आराधना आधी आठवड्यातून एकदा होई. १९७३ पासून रोज एक तास होऊ लागली. रस्त्यावर मरायला टेकलेल्यांची सेवा करणाऱ्या बायकांकडे वेळ रिकामा पडला होता म्हणून नव्हे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या ‘देऊस कारितास एस्त’ या परिपत्रकात त्यांचंच उदाहरण दिलं आहे: देवाला दिलेला वेळ शेजाऱ्याच्या सेवेतून वजा होत नाही, सेवेचा झरा तिथेच असतो.

रोखठोक
मेणबत्तीताई, मान्य. पण त्या तासानंतर त्या बायका उठून कुठे जात होत्या? तेच तर विचारतोय. आपल्याकडे पहिला तास आहे, दुसरा नाही.

सांजघंटा
रोखठोक, अगदी हेच मला म्हणायचं होतं.

दोनजोडी
मी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत आहे, बरीच वर्षं झाली. आमच्या कामाची पद्धत सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडा इतिहास. फ्रेडरिक ओझानाम पॅरिसमध्ये कायद्याचा विद्यार्थी होता. विद्यार्थ्यांच्या वादसभेत तो चर्चची बाजू हिरिरीने मांडायचा. एकदा समोरच्याने विचारलं, तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करताय? हा प्रश्न त्याला झोंबला. २३ एप्रिल १८३३ रोजी, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, काही मित्र आणि बेयी नावाचे वडीलधारे संपादक यांच्यासह पहिली बैठक झाली. या पोरांना गरिबांच्या घरी कसं जायचं हे कुणी शिकवलं? सिस्टर रोझाली रँद्यू यांनी. मूफतार या दरिद्री वस्तीत त्या काम करत. कोणत्या घरी जा, काय न्या, कसं बोला, हे सगळं त्यांनी दाखवलं. वाद जिंकण्यात हुशार असलेली ही मुलं एका ननच्या हाताखाली शिकली, हे मला फार आवडतं. ओझानाम १९९७ मध्ये आणि सिस्टर रोझाली २००३ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झाले.

आता पद्धत. बैठक प्रार्थनेने सुरू होते. मग एखादं आध्यात्मिक वाचन आणि त्यावर थोडं बोलणं. त्यानंतर गेल्या भेटींचा वृत्तान्त: कोण कुठे गेलं, काय पाहिलं, काय लागेल. मग पुढच्या भेटी वाटून घेतो. नेहमी दोघं जातात, एकटं कुणी नाही. शेवटी पुन्हा प्रार्थना.

आणि एक पिशवी फिरते. ही पिशवी नीट पाहण्यासारखी आहे. साधी कापडी, तोंड अरुंद, आत काय आहे दिसत नाही. प्रत्येक जण मूठ आत घालतो आणि बाहेर काढतो. मुठीत नोट होती, नाणं होतं की मूठ रिकामी होती, शेजारच्यालाही कळत नाही. आमच्यात असे सदस्य आहेत ज्यांना एखाद्या आठवड्यात स्वतःलाच मदत हवी असते. तेही मूठ घालतात. कदाचित देत असतील, कदाचित नसतील. कुणी कधी विचारत नाही.

भेटीतलं काही बाहेर जात नाही. कुठल्या घरी गेलो हे बायकोलाही सांगत नाही. नोटीस बोर्डावर यादी नाही, फोटो नाहीत.

तर मुद्दा असा की आमच्याकडे प्रार्थना आणि भेट एकाच बैठकीत आहेत. गुडघ्यावरून उठल्यावर पुढच्या घराचा पत्ता हातात असतो.

पायवाट
दोनजोडीकाका, पिशवीचं वाचून बसूनच राहिलो. फोटो न काढण्याबद्दल शंभर वेळा सहमत. सामानाची पिशवी धरून रांगेत उभ्या केलेल्या म्हाताऱ्या बायकांचे फोटो पाहिले की मान खाली जाते. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे येशूने सांगून ठेवलंय तेवढं पुरे.

नवांकुर
मी युवा गटात आहे, वयाने इथे बहुधा सगळ्यात लहान. थोडं वेगळं बोलू का?

आमच्याकडे दृढीकरणाच्या (श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराच्या) तयारीत ‘सेवेचे तास’ भरावे लागतात. वहीत सही घ्यायची. तास भरले की बहुतेक मुलं पुन्हा दिसत नाहीत. मुलं वाईट नाहीत हो. पण वृद्धाश्रमात जाऊन खुर्च्या मांडल्या आणि सही घेऊन निघालो, यात कुणाशी ओळख झालीच नाही. माझ्या बाबतीत वेगळं घडलं कारण मला एकच घर दिलं होतं. एक निवृत्त शिक्षक, दृष्टी गेलेली. त्यांना दर शनिवारी उद्याच्या मिस्सेची वाचनं वाचून दाखवायची. ते मला मधेच थांबवून विचारत, ‘पौल इथे असं का म्हणतो?’ मला येत नसे, मग आम्ही दोघं विचार करत बसायचो. दृढीकरण झालं, वही संपली, मी अजून जातो. रविवारी मिस्सेत वाचन सुरू झालं की मला त्यांचे प्रश्न ऐकू येतात.

तेव्हा सगळ्या गटाला एक मोठा कार्यक्रम देण्यापेक्षा प्रत्येकाला एक घर द्या. आणि तास मोजू नका.

मेणबत्ती
नवांकुर, तुझा प्रतिसाद आमच्या धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षकांना वाचून दाखवणार आहे.

चौकट
उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण एक गोष्ट लिहायलाच हवी. लहान मुलं आणि असाहाय्य प्रौढ यांच्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामात सुरक्षेचे नियम आधी हवेत. अल्पवयीन मुलांना एकटं कुणाच्या घरी पाठवू नका, सोबत मोठं माणूस हवंच, आणि पालकांची लेखी संमती हवी. घरभेट देणाऱ्या मोठ्यांचीही चौकशी झालेली असावी. धर्मप्रांताची (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाची) नियमावली असते, ती वाचून सही केल्याशिवाय कुणाला यादीत घेऊ नका. पैशांचे व्यवहार, बँकेची कागदपत्रं, औषधांचे डोस यांना स्वयंसेवकाने हात लावायचा नाही. चर्चने या बाबतीत फार मोठी किंमत मोजली आहे, आणि ती चर्चपेक्षाही पीडितांनी मोजली आहे. ‘आपलीच माणसं आहेत’ हे कारण चालणार नाही.

नवांकुर
चौकटकाका, बरोबर आहे. माझ्यासोबत सुरुवातीपासून गटातल्या एक ताई असतात, लिहायचं राहिलं.

उंबरठा
मी घरी खिळलेल्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेते. असाधारण सेविका म्हणून, म्हणजे धर्मगुरू नसूनही या कामासाठी नेमलेली. १९७३ च्या जानेवारीत व्हॅटिकनने ‘इमेन्से कारितातिस’ ही सूचना काढली आणि सर्वसामान्य श्रद्धावंतांना ही सेवा करण्याची वाट सर्वत्र मोकळी झाली. मला या सेवेने रविवार नव्याने दिला, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या फादरांनी एक बदल केला. पूर्वी आम्ही मिस्सा संपल्यावर साक्रिस्तीत (चर्चच्या तयारीच्या खोलीत) जाऊन पिक्स (पवित्र भाकरीची छोटी डबी) घ्यायचो आणि मागच्या दाराने निघायचो. कुणाला कळायचंही नाही. आता कम्युनियननंतर, शेवटच्या प्रार्थनेआधी, फादर आम्हाला वेदीपाशी बोलावतात. ज्यांच्याकडे जायचं त्यांची, त्यांची हरकत नसेल तर, फक्त पहिली नावं घेतात. सगळं चर्च त्यांच्यासाठी क्षणभर प्रार्थना करतं. मग पिक्स गळ्यातल्या थैलीत घालून आम्ही मधल्या वाटेने सगळ्यांसमोरून बाहेर पडतो. जस्टिनच्या काळातले डीकन जायचे तसेच, हे मला जुनापान यांचा प्रतिसाद वाचून आज उमगलं.

नियम असा की वाटेत कुठे थांबायचं नाही, दुसरं काम काढायचं नाही, सरळ त्या घरी जायचं. मी फोनही बंद ठेवते.

घरी पोचल्यावर. आधी फोनवर सांगितलेलं असतं, म्हणून पलंगाजवळ छोट्या मेजावर पांढरं कापड, क्रूस आणि मेणबत्ती मांडलेली असते. ज्या घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे तिथे मेणबत्ती पेटवत नाही. सोबत पाण्याचा पेला, कारण कोरड्या तोंडाने गिळता येत नाही. मी दिवसाचं शुभवर्तमान वाचते, हळू. ‘हे आमच्या बापा’ सगळे मिळून म्हणतो. एका आजींना माणसं ओळखता येत नाहीत, मुलीलाही त्या ‘बाई’ म्हणतात, पण ही प्रार्थना सुरू झाली की त्यांचे ओठ पहिल्या शब्दापासून हलतात. त्यांना भाकरीचा अगदी बारीक कण देते, नखाएवढा, आणि लगेच पाणी. गिळल्याची खात्री होईपर्यंत थांबते.

मग बसते. हे बसणं महत्त्वाचं आहे. देऊन लगेच निघालं तर टपाल टाकून गेल्यासारखं होतं.

खारोटी
उंबरठाताई, एक शंका. कम्युनियनआधी तासभर उपवास असतो ना? माझ्या सासूबाईंची औषधं खाण्यासोबत असतात आणि मी स्वतः त्यांच्या वेळेप्रमाणे मिळेल तेव्हा खाते. त्यामुळे आम्ही दोघी कितीदा नको म्हणतो.

उंबरठा
खारोटी, नको म्हणू नका! धर्मविधानाच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, कलम ९१९ मध्ये स्पष्ट सूट आहे: वयोवृद्ध, आजारी, आणि त्यांची शुश्रूषा करणारे. तुमचाही त्यात समावेश आहे. पाणी आणि औषध यांनी तर तसाही कुणाचाच उपवास मोडत नाही. आणि तुम्हाला चर्चला जाता येत नसेल तर येणाऱ्या सेवकाला आधीच सांगून ठेवा, तो तुमच्यासाठीही आणेल.

खारोटी
हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. फार फार आभार.

सुरपेटी
अवांतर: आमच्या कॉयरने गेल्या नाताळाआधी आजाऱ्यांच्या घरी जाऊन गाणी म्हटली. एका आजोबांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘दुसऱ्या सुराला दम नाही, पुन्हा म्हणा.’ पन्नाशीतले आमचे कॉयर मास्टर मुकाट्याने पुन्हा म्हणायला लागले, कारण लहानपणी त्यांना याच आजोबांनी गायला शिकवलं होतं. आता सरावच महिन्यातून एकदा त्यांच्या घरी होतो.

खिडकीजवळ
मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण या धाग्यावर सगळे भेटायला जाणारे बोलत आहेत. ज्यांना भेटायला येतात त्यांच्यापैकी मी एक आहे, तेव्हा लिहिते.

माझ्या पाठीच्या कण्याचा आजार वाढत गेला आणि चर्चला जाणं सुटलं. लोक येतात, त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण काही गोष्टी सांगू का? येण्याआधी फोन करा, मला केस विंचरायचे असतात. उभ्याने बोलू नका. माझा आजार हाच विषय दर वेळी नको. पॅरिशमध्ये काय चाललंय, कुणाचं लग्न ठरलं, फादरांचं प्रवचन कशावर होतं, हे सांगा. मी अजून त्या पॅरिशची आहे.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे मला काहीतरी द्यायला सांगा. बरेच महिने मी फक्त घेत होते आणि त्याने मन आतून खचत गेलं. मग लिजन ऑफ मेरीच्या एक बाई आल्या. ७ सप्टेंबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये फ्रँक डफ आणि काही स्त्रियांनी ही संघटना सुरू केली आणि त्यांचं पहिलं कामच इस्पितळातल्या रुग्णांना भेटणं हे होतं. लिजनमध्ये वस्तू किंवा पैसे देण्याची मनाई आहे. ते लोक रिकाम्या हातांनी येतात आणि म्हणूनच त्यांना बसावं लागतं. त्या बाईंनी विचारलं, ‘तुम्ही सहायक सदस्य व्हाल का? आम्ही भेटी देऊ, तुम्ही रोज आमच्यासाठी रोझरी आणि लिजनच्या प्रार्थना म्हणा.’

आता त्या दर आठवड्याला मला सांगतात, या वेळी एका अवघड घरी जायचंय, या वेळी इस्पितळात. घराचं नाव सांगत नाहीत. त्या वेळेला मी माळ हातात घेते. तुमच्या कौन्सिलला सांगा, प्रार्थना करणारे आणि सेवा करणारे असे दोन गट पाडण्याआधी आम्हाला विचारा. माझी प्रार्थना हीच माझी सेवा आहे, आणि ती कुणाच्या तरी पायपिटीला बांधलेली आहे.

रोखठोक
खिडकीजवळताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझ्या मांडणीत तुम्ही फक्त ‘ज्यांच्याकडे जायचं’ त्या रकान्यात होता. तो रकाना काढून टाकतो.

जुनापान
ताई, धाग्याचं सार तुम्ही सांगितलंत.

हिशेबनीस
मी पॅरिशच्या अर्थसमितीवर आहे. ही समिती धर्मविधानाच्या कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये असायलाच हवी. पॅरिश कौन्सिल कलम ५३६ खाली येतं आणि ते सल्ला देण्यापुरतं असतं. त्यामुळे आराधनेचा निर्णय शेवटी पॅरिश प्रीस्टचा. हे सांजघंटाताईंच्या बैठकीत लक्षात ठेवलं तर मतदानाची वेळ येणार नाही.

दुसरं, अर्पणाबद्दल. मिस्साविधीच्या नियमांप्रमाणे अर्पणाच्या वेळी भाकर-द्राक्षारसाबरोबर पैसे आणि इतर दानंही पुढे आणता येतात, ‘गरिबांसाठी किंवा चर्चसाठी’. फक्त ती वेदीवर न ठेवता योग्य जागी ठेवायची. पवित्र गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या) संध्याकाळच्या मिस्सेत तर गरिबांसाठीच्या भेटवस्तू मिरवणुकीने आणण्याचा खास उल्लेख आहे. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून ज्या मिस्सेत पाय धुतले जातात, त्याच मिस्सेत. तरी कितीतरी चर्चमध्ये हे होत नाही, पाय धुणं तेवढं होतं. आम्ही सुरू केलं. लोक बंद पाकिटं आणि किराणा सामानाच्या टोपल्या घेऊन येतात, सगळं वेदीच्या एका बाजूला ठेवलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोनजोडी म्हणतात तशा जोड्या ते घरोघरी नेतात. माझ्या वहीत ईस्टरआधीच्या उपवासकाळातलं दान हे ‘जमा’ म्हणून येतं, पण ते वेदीजवळ ठेवलेलं पाहिलं तेव्हा त्याचं वजन मला कळलं.

परगावचा
एक प्रश्न. मदत फक्त कॅथलिकांना द्यायची का? आमच्या गटात यावर मतभेद आहेत. काही जण म्हणतात आधी आपले. काहींना वाटतं मदत केली तर निदान चर्चला या म्हणावं.

मेणबत्ती
परगावचा, वर उल्लेखलेल्या २००५ च्या परिपत्रकातच दोन्हींचं उत्तर आहे. चर्चच्या कुटुंबात कुणी गरजेत पडून राहता कामा नये, हे खरं. पण दयाळू शोमरोन्याची गोष्ट ही सीमा ओलांडते. ज्याला गरज आहे आणि जो समोर आला तो आपला शेजारी. आणि दुसऱ्या मुद्द्यावर तर अगदी ठाम: सेवा हे धर्मप्रसाराचं साधन नव्हे. प्रेम फुकट असतं, ते काही साधून घेण्यासाठी करायचं नसतं. देवाबद्दल कधी बोलावं आणि कधी गप्प राहून नुसतं प्रेमच बोलू द्यावं, हे ख्रिस्ती माणसाला कळायला हवं.

दोनजोडी
अनुमोदन. आमच्या यादीत सगळ्या धर्मांची घरं आहेत, आणि कुठलाही धर्म न मानणारीही. प्रार्थना करू का हे विचारतो. नको म्हणाले तर नाही. मग ती आम्ही घरी येऊन करतो.

रोखठोक
मूळ प्रश्नाकडे येतो, आणि माझं मत पूर्ण बदललेलं नाही हे सांगून टाकतो.

आराधना ठेवा. पण प्रामाणिकपणे ठेवा. साक्रामेंत वेदीवर उघड ठेवलेला असताना त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, असा २००४ च्या ‘रेदेम्प्तिओनिस साक्रामेंतुम’ या सूचनेतला नियम आहे. कित्येक चर्चमध्ये मोठमोठे तास जाहीर होतात आणि मधल्या वेळात दोन बाका भरायची मारामार असते. तेव्हा जेवढे तास माणसं खरोखर बसणार तेवढेच ठेवा. बाकीचे वाचतील ते घरभेटींना द्या. हे आराधनेच्या विरुद्ध नाही, आराधनेच्या आदरापोटीच आहे.

आणि मेणबत्तीताई, संत व्हिन्सेंट डी पॉलने आपल्या सिस्टर्सना सांगितलं होतं, प्रार्थनेच्या वेळी गरिबाने हाक मारली तर उठून जा, ते देवासाठी देवाला सोडणं आहे. हे मी विसरणार नाही.

मेणबत्ती
दादा, विसरू नका. फक्त हेही बघा की हाक आली तेव्हा त्या प्रार्थनेला बसलेल्या होत्या. तास कमी करण्याच्या तुमच्या सूचनेला मात्र माझी हरकत नाही. रिकाम्या बाकांपुढे साक्रामेंत ठेवणं मलाही सहन होत नाही.

सांजघंटा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल कौन्सिलची बैठक पुन्हा झाली. फादरांना आधी हा धागा छापून दिला होता.

ठरलं ते असं. गुरुवारची आराधना राहणार. मात्र ती संपल्यावर तिथेच, चर्चच्या मागच्या बाकांवर, घरभेटींच्या गटाची छोटी बैठक होईल. वाचन नको कारण आराधना झालेलीच असेल. सरळ वृत्तान्त आणि पुढची घरं. नव्याने येणाऱ्याला एकच घर द्यायचं, जुन्या सदस्याच्या जोडीने. चौकट यांचं ऐकून, धर्मप्रांताच्या नियमावलीवर सही झाल्याशिवाय कुणी जाणार नाही. रविवारी कम्युनियन नेणारे मधल्या वाटेने जातील. आणि खिडकीजवळताई, आमच्या यादीतल्या घरी खिळलेल्या प्रत्येकाला विचारणार आहोत की तुम्ही कुणासाठी प्रार्थना कराल.

‘गुडघे टेकून पोट भरत नाही’ म्हणणाऱ्या सदस्यांनीच पहिली जोडी व्हायचं कबूल केलं.

एक अडचण उरली आहे. यादी कशी करायची? आमच्याकडे जुनी यादी आहे, पण तिच्यातले काही जण देवाघरी गेले, काही घर बदलून गेले, आणि नव्याने आजारी पडलेल्यांची नावं कुणाकडेच नाहीत.

उंबरठा
सांजघंटाताई, चर्चमधून केलेल्या घोषणेवर विसंबू नका. ज्यांना गरज आहे ते ती ऐकायला तिथे नसतात. छोट्या ख्रिस्ती समूहांच्या (पॅरिशमधल्या शेजारगटांच्या) प्रमुखांकडे एकेक कागद द्या आणि दोनच प्रश्न विचारा: तुमच्या भागात पूर्वी मिस्सेला येणारं आणि आता न दिसणारं कोण आहे? आणि त्यांच्याकडे कोण जातं? दुसऱ्या प्रश्नापुढे जिथे काही लिहिलेलं नसेल तिथून सुरुवात करा. भेटीला जाण्याआधी त्या व्यक्तीची परवानगी मात्र घ्या.

दोनजोडी
आणि रोझरीला रोज येणाऱ्या बायकांना विचारा. कोण कधीपासून आलं नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

रोखठोक
हे बरोबर. ताई, काही महिन्यांनी इथे येऊन लिहा की किती जण टिकले आणि जे गळाले ते का गळाले. ते कळलं तर आमच्या पॅरिशमध्ये मांडायला मला उपयोगी पडेल.

सांजघंटा
नक्की लिहीन. रोझरीच्या बायकांना उद्याच विचारते.